सामूहिक वनहक्काचा दावा: शिवार फेरीपासून सातबाऱ्याच्या नोंदीपर्यंत

वनहक्काच्या कागदाची किंमत किती, याचं उत्तर बाजारभावाने द्यायचं तर शून्य. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वन निवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ खाली मिळालेला हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही आणि कुणाच्या नावे करूनही देता येत नाही. त्यामुळे तो गहाण टाकायचा प्रश्नच येत नाही, आणि ‘पट्टा झाला की बँक कर्ज देईल’ ही आशा बहुतेक ठिकाणी फोल ठरते. तरीही हा कागद हवा, आणि नीट हवा. तो असला की सरपणाच्या मोळीवर दंडाची पावती फाडता येत नाही. बांबू आणि तेंदूपत्त्याची विक्री गाव स्वतः करतं. जंगलाची जमीन खाणीला किंवा प्रकल्पाला द्यायची म्हटली तर आधी ग्रामसभेसमोर यावं लागतं. आणि विकता येत नाही म्हणूनच सावकार किंवा दलाल त्या कागदावर डोळा ठेवू शकत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पण स्वतः तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला. म्हणजे कागद हाती पडल्यावरही त्यातून पैसा आणि अधिकार उभा करायला वेगळं काम करावं लागतं. खाली त्या दोन्ही कामांचा क्रम दिला आहे. भर सामूहिक दाव्यावर आहे, कारण गावाच्या पदरात सर्वाधिक त्यातूनच पडतं आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

दावा कोणता करायचा

दाव्याचे नमुने तीन. नमुना ‘अ’ वैयक्तिक: कसत असलेली वनजमीन आणि घर. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा लागतो आणि प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढीच जमीन मिळते, जास्तीत जास्त ४ हेक्टर. नमुना ‘ब’ सामूहिक हक्कांचा: निस्तार (घरगुती गरजांसाठी जंगलाचा वापर), गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल), मासेमारी, चराई, पाणवठे. नमुना ‘क’ सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाने परंपरेने वापरलेल्या सगळ्या जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. कलम ३(१) मधल्या यादीतला हा नववा. याला हेक्टरांची कमाल मर्यादा नाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असलं तरी दावा करता येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फक्त ‘ब’ भरणं. त्याने मोह, चारोळी, तेंदू गोळा करण्याचा हक्क मिळतो, पण त्या जंगलाचं काय करायचं हे वन विभागाची कार्य आयोजना, म्हणजे जंगलातल्या कामांचा त्यांचा आराखडाच, ठरवत राहते. गाव बांबू राखत असतं आणि त्याच कक्षात (वन विभागाने आखलेल्या जंगलाच्या भागात) कूप, म्हणजे तोडीसाठी ठरवलेला तुकडा, तोडीला निघतो. म्हणून ‘ब’ आणि ‘क’ एकत्र भरा, दोन्हींना एकच नकाशा आणि एकच पुरावासंच जोडा. वैयक्तिक दावे वेगळे चालू द्या. एकाने दुसरा अडत नाही, फक्त सामूहिक नकाशावर वैयक्तिक पट्टे आणि दावे दाखवा. नाहीतर पुढे गावातच भांडण लागतं.

माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या आदिम जमातींना अधिवासाचा (जमातीच्या पारंपरिक वावराच्या प्रदेशाचा), म्हणजे यादीतला पाचवा हक्कही मागता येतो. तो एका गावापुरता नसतो आणि त्याची प्रक्रिया स्वतंत्र चालते.

मिश्र वस्तीच्या गावात ‘बिगर आदिवासींचा ७५ वर्षांचा पुरावा आणा’ असं सांगून दावा रखडवला जातो. ही अट त्या भागात राहण्याची आणि जंगलावर अवलंबून असण्याची आहे; तीच जमीन ७५ वर्षं कसली पाहिजे असा तिचा अर्थ नाही. आदिवासी विकास मंत्रालयाने हे स्पष्ट केलेलं आहे.

ग्रामसभा आणि समिती

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची नव्हे, गावाची. अनुसूचित क्षेत्रात पाडा किंवा टोलाही पेसा कायद्याखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) स्वतंत्र गाव ठरू शकतो. त्यासाठी महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम आहेत. चार पाड्यांच्या ग्रामपंचायतीने एकच दावा केला की जंगल कुणाचं, राखायचं कुणी आणि पैसा कुणाच्या खात्यात, हे तिन्ही प्रश्न पंचायतीच्या कार्यालयात जाऊन बसतात. शक्य असेल तिथे दावा पाड्याच्या पातळीवरच ठेवा.

पहिल्या सभेत वनहक्क समिती निवडायची. सदस्य १० ते १५. किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, किमान एक तृतीयांश स्त्रिया. अध्यक्ष आणि सचिवांची नावं उपविभागीय समितीला (प्रांताच्या अध्यक्षतेखालच्या) लेखी कळवायची. समितीतल्या कुणाचा स्वतःचा वैयक्तिक दावा असेल तर त्याच्या पडताळणीला त्याने बसायचं नाही, आणि तसं कार्यवृत्तात लिहायचं. संयुक्त वन व्यवस्थापन समिती ही वेगळी चीज आहे. ती वन विभागाच्या योजनेतली, ही कायद्यातली. ‘तुमची समिती आहेच की’ असं म्हणून तिच्याच पदाधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या गेल्या, तर दावा पुढे याच मुद्द्यावर अडतो.

गणपूर्ती पक्की लिहून ठेवा, कारण फेटाळलेले कितीतरी दावे इथेच पडतात. ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, आणि दाव्यावर ठराव करायचा असेल तेव्हा दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी किमान निम्मे हवेत. २४० प्रौढांच्या गावात १२० माणसं जमली तर त्यांत ४० स्त्रिया पाहिजेत. मतदार यादीची प्रत घेऊन तिच्यावरच हजेरी घ्या. कोऱ्या वहीतल्या सह्यांवरून कोण सदस्य आणि कोण पाहुणा हे नंतर सिद्ध करता येत नाही. रोजगार हमी आणि मोहफुलाच्या दिवसांत सकाळची सभा भरत नाही. संध्याकाळी ठेवा.

पुरावे

नियम किमान दोन पुरावे मागतो. कागदी पुरावाच हवा असा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही, आणि उपग्रह छायाचित्र पूरक म्हणून चालतं, इतर पुराव्यांच्या जागी नाही. तरी जितके भक्कम मिळतील तितके जोडा.

पूर्व विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन कागद सोन्यासारखे. कुठल्या गावाने कुठल्या जंगलातून सरपण, इमारती लाकूड, चराई घ्यायची हे त्यांत नोंदलेलं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यांना अनुक्रमे कलम १६१ आणि १६५ चा आधार आहे. नक्कल तहसील किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून मिळते. कोकण आणि ठाणे-पालघर पट्ट्यात दळी (डोंगरउतारावर कसायला दिलेली वनजमीन) आणि एकसाली (वर्षाच्या मुदतीने दिलेल्या) प्लॉटचे कागद वैयक्तिक दाव्यांना उपयोगी पडतात. याशिवाय जुनी कार्य आयोजना, गॅझेटियर, चराईच्या पावत्या, जुने गावनकाशे. वन आणि महसूल नकाशे तसंच मतदार यादी पुरवणं हे उपविभागीय समितीचं कर्तव्य आहे. त्यासाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. नकाशा दिला नाही, तर तो अर्जच पुढे अपिलात कामाला येतो.

जमिनीवरच्या खुणाही पुरावाच आहेत: देवस्थान, दफनभूमी, जुन्या वस्तीचे चौथरे, पाणवठे, गुरं न्यायची वाट. प्रत्येकाचा फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश घ्या.

वडीलधाऱ्यांचे जबाब सर्वांत सहज मिळतात आणि सर्वांत वाईट लिहिले जातात. ‘आम्ही पूर्वापार जंगल वापरतो’ या एका वाक्याचे वीस जबाब म्हणजे एकच जबाब. प्रत्येकाला वेगळं विचारा आणि त्याच्याच शब्दांत उतरवा: कुठल्या नाल्याकाठचा मोह कुणाच्या वाट्याचा, चैतात गुरं कुठे बसत, बांबू कुठल्या टेकडीचा, दुष्काळात कंद कुठून आणले. जागेचं नाव गोंडीत, कोरकूत किंवा वारलीत जसं म्हणतात तसंच देवनागरीत लिहा. जबाब देणारा माणूस दावेदार नसावा, अशी वैयक्तिक दाव्यासाठी अट आहे.

सीमा आणि नकाशा

घाई करायची नाही असा हा टप्पा. पट्ट्यात जे क्षेत्र येणार ते इथे ठरतं.

सुरुवात सभेत, जमिनीवर. खडूने किंवा रांगोळीने गाव काढा आणि लोकांना नाले, टेकड्या, वाटा, देव, पाणी सांगायला लावा. बायका आणि गुराखी बोलले पाहिजेत, कारण जंगलात सर्वांत लांब तेच जातात. गावच्या भूमियाला किंवा पाटलाला देवाच्या सीमा माहीत असतात, पण तेंदू आणि चराई त्या सीमेच्या पलीकडेही जाऊ शकते. दोन्ही नोंदवा. त्या चित्राचा फोटो काढून कागदावर उतरवलं की फेरीची वाट तयार.

शिवार फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली बरी. पानगळ झालेली असते, नाले ओलांडता येतात आणि मोकळ्या आभाळाखाली जीपीएसची अचूकता सुधारते. सोबत तीन-चार जाणती माणसं, वनोपज गोळा करणाऱ्या स्त्रिया, मोबाइल किंवा जीपीएस यंत्र हाताळणारं एक पोर, आणि लगतच्या गावाचे प्रतिनिधी. प्रत्येक वळणावर बिंदू घ्या. सरळ सीमेवरही शंभर-दोनशे मीटरला एक असावा. यंत्र ५ मीटरच्या आतली अचूकता दाखवेपर्यंत थांबा, मगच नोंद करा. दाट बांबूत ती सहज १० मीटरच्या पुढे जाते. वहीत बिंदूचा क्रमांक, अक्षांश, रेखांश, अचूकता आणि खूण लिहा. ‘बिंदू १४: नाल्याचा संगम, उजव्या काठाला अर्जुनाचं मोठं झाड’ अशी खूण असेल तर यंत्र बंद पडलं तरी सीमा हरवत नाही. शेवटचा बिंदू पहिल्यावर येऊन मिळाला पाहिजे. न मिळालेल्या आकृतीचं क्षेत्रफळ सॉफ्टवेअर काहीच्या बाही सांगतं.

अंतराची चूक क्षेत्रात किती होते ते पाहा. १५ किलोमीटरच्या सीमेवर ५ मीटरची चूक एकाच बाजूला गेली तर ७.५ हेक्टरचा फरक पडतो. म्हणून दाव्यात क्षेत्राच्या आकड्याआधी ‘सुमारे’ लिहा आणि सीमा खुणांच्या वर्णनाने बांधा: ‘पूर्वेस अमुक नाला, त्याच्या उगमापासून टेकडीच्या कडेने’ असं. पुढे मोजणीत आकडा बदलला तरी वर्णन टिकतं.

मग ही सीमा वन विभागाच्या नकाशावर बसवायची आणि आत येणारा प्रत्येक कक्ष क्रमांक ‘पूर्ण’ किंवा ‘अंशतः’ असा लिहायचा. सोबत महसुली गट किंवा सर्व्हे क्रमांक. तीन प्रकारची जमीन इथे हमखास निसटते. पहिली, वन विकास महामंडळाकडे दिलेले कक्ष. ते महामंडळ चालवत असलं तरी वनजमीनच आहे. दुसरी, विदर्भातलं झुडपी जंगल. महसुली नोंदीत ते वेगळं दिसतं म्हणून वगळलं जातं, पण कायद्याची वनजमिनीची व्याख्या वर्गीकरण न झालेल्या आणि मानीव वनापर्यंत जाते, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये झुडपी जंगलाला वनच मानलं आहे. तिसरी, दुसऱ्या गावाच्या महसुली हद्दीत असलेलं पण आपण परंपरेने वापरत आलेलं जंगल. महसुली हद्द ही वनसंसाधनाची हद्द नसते. कायद्यात शब्द आहे तो रूढीने चालत आलेल्या सीमेचा.

शेजारची गावं

दोन गावांच्या सीमा एकमेकींवर चढणं साहजिक आहे. अशा वेळी दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी आपापल्या ग्रामसभेपुढे ठेवायचा. तरी सुटलं नाही तर विषय उपविभागीय समितीकडे जातो. तिथे जाऊ देऊ नका, कारण फाइल महिनोन्‌महिने पडून राहते आणि दोन्ही दावे अडकतात. रेष ओढण्यापेक्षा सामायिक क्षेत्र लिहून घेणं सोपं: अमुक कक्षात अमुक गावाची चराई पावसाळ्यात, तेंदू दोघांचा, वणवा विझवायला दोघांनी जायचं. दोन्ही गावांचे ठराव एकाच तारखेचे आणि एकमेकांचा उल्लेख असलेले ठेवा.

पडताळणी आणि ठराव

पडताळणीची तारीख वनहक्क समितीने ठरवायची आणि वन व महसूल विभागाला लेखी कळवायची. त्यांनी हजर राहून पदनाम, तारीख आणि अभिप्रायासह सही करायची असते. न आले तर काम थांबवू नका. पडताळणी करा, पंचनाम्यात ‘सूचना देऊनही गैरहजर’ असं लिहा, सूचनापत्राची पोच जोडा. गैरहजर राहिलेल्या विभागाने ग्रामसभेने मान्य केलेल्या दाव्यावर नंतर हरकत घेतली तर प्रकरण फेरपडताळणीला समितीकडे येतं. तेव्हाही ते आले नाहीत, तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरला जातो. हे २०१२ च्या सुधारित नियमांतल्या १२-अ मध्ये आहे. त्याची प्रत फाइलमध्ये ठेवा, अधिकाऱ्यालाही द्या.

ठरावाचा मजकूर साधारण असा असावा:

‘आज दि. ___ रोजी मौजे ___ येथे ग्रामसभा भरली. एकूण सदस्य ___, उपस्थित ___, पैकी स्त्रिया ___. दावेदारांपैकी उपस्थित ___. वनहक्क समितीचा दि. ___ चा पडताळणी अहवाल, नकाशा व सीमावर्णन वाचून दाखवण्यात आले. शेजारच्या ___ गावाचा दि. ___ चा ठराव वाचण्यात आला. कक्ष क्र. ___ (पूर्ण/अंशतः) मिळून सुमारे ___ हेक्टर क्षेत्रावर नमुना ब व क मधील हक्क मान्य करण्यात येत असून दावा उपविभागीय समितीकडे पाठवावा, असे बहुमताने ठरले.’

‘मंजुरीसाठी विनंती करण्यात येत आहे’ असं लिहू नका. हक्क आधीपासून आहेत आणि ग्रामसभा ते निश्चित करते, वरच्या समित्या तपासून नोंदवतात. कायद्याची मांडणीच तशी आहे.

संपूर्ण दाव्याच्या तीन प्रती करा. एक उपविभागीय समितीला, एक ग्रामसभेच्या पेटीत, एक गावाबाहेर सुरक्षित ठिकाणी. प्रत्येक पानावर क्रमांक आणि शेवटी ‘एकूण पाने ___’. पोच घेताना पानांचा आकडा पोचपावतीवर लिहून घ्या. ‘नकाशा जोडलेलाच नव्हता’ हे उत्तर फार ठिकाणी ऐकायला मिळतं.

प्रांत कार्यालय, जिल्हा आणि अपील

उपविभागीय समितीचे अध्यक्ष प्रांत, जिल्हा समितीचे जिल्हाधिकारी. दोन्हींत वन आणि आदिवासी विकास विभागाचे अधिकारी आणि लोकनियुक्त सदस्य असतात. कागद अपुरा वाटला तर समितीने कारण देऊन दावा ग्रामसभेकडे परत पाठवायचा, परस्पर क्षेत्र कापायचं नाही. क्षेत्र कमी केलं किंवा दावा नाकारला, तर कारणांसह लेखी आदेश मिळण्याचा हक्क आहे. तोंडी ‘नामंजूर’ ऐकून परत फिरू नका. आदेशाशिवाय मुदत कधी सुरू झाली हेच ठरत नाही.

ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे ६० दिवसांत जायचं. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनुसार जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील होतं, मुदत ९० दिवस. वैयक्तिक दावे फेटाळले गेलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला होता, त्याच महिन्याच्या २८ तारखेला तो स्थगित झाला. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही, हे कलम ४(५) चं संरक्षण आहे. अपील चालू असल्याचा कागद जवळ असणं म्हणजे ते संरक्षण दाखवायची सोय.

पट्टा हातात आला की

समारंभात फोटो होतात, कागद कुणी वाचत नाही. घरी नेण्याआधी वाचा. नाव ग्रामसभेचं आहे ना, की ग्रामपंचायतीचं किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीचं? नमुना ‘क’ चा हक्क लिहिला आहे ना, की फक्त निस्तार? कक्ष क्रमांक दाव्याशी जुळतात का? क्षेत्र हेक्टरमध्ये आहे ना? चतुःसीमा रिकामी तर सोडली नाही ना? विभागीय वनअधिकारी, आदिवासी विकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी अशा तिघांच्या सह्या आहेत का? वैयक्तिक पट्ट्यात पती-पत्नी दोघांची नावं हवीत. एकल स्त्री कुटुंबप्रमुख असेल तर तिचं.

आणि अटी. ‘कार्य आयोजनेच्या अधीन राहून’, ‘वन विभागाच्या परवानगीने’ अशी ओळ पट्ट्याच्या तळाला टाकलेली सापडते. सामूहिक हक्कावर अशी जादा अट घालायला कायद्यात जागा नाही. पट्टा स्वीकारा, पण त्याच आठवड्यात ग्रामसभेचा ठराव करून दुरुस्तीचा अर्ज जिल्हा समितीला द्या. वर्षानुवर्षं गप्प राहिलं की ती अट रुळते.

त्यानंतर नोंद. नियमाने मान्य झालेले हक्क महसूल आणि वन अभिलेखात तीन महिन्यांत किंवा राज्याच्या कायद्याने ठरलेल्या त्याहून कमी मुदतीत चढले पाहिजेत आणि अंतिम नकाशा तयार झाला पाहिजे. सातबाऱ्यावर सहसा भोगवटादार म्हणून वन विभागाचं नाव राहतं आणि हक्कधारकाचं ‘इतर हक्क’ रकान्यात येतं. तलाठ्याकडे अर्ज, फेरफार क्रमांक, नवा उतारा, या क्रमाने पाठपुरावा करा. उतारा नसला की पीएम-किसान, पीकविमा, विहीर, धानाचा बोनस या प्रत्येक खिडकीवर वैयक्तिक पट्टेदार परत फिरतो. पट्टा पेटीत, हक्क कागदावर आणि माणूस रांगेत, अशी गत होते.

बांबू, तेंदू आणि हिशेब

सामूहिक हक्काचा पैसा मुख्यतः या दोन वस्तूंतून येतो. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजच आहे, आणि २०१२ च्या नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला दिला. त्यावर स्वामित्व शुल्क नाही.

त्यासाठी नियम ४(१)(ई) खालची समिती नेमायची. ही वनहक्क समितीहून वेगळी. तिचं काम जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन आराखडा. आराखडा जाडजूड नको. कुठला पट्टा राखीव, कुठे चराई बंद, कुठल्या वर्षी कुठला बांबू, वणव्याच्या जाळरेषा कुठून, एवढं दहा पानांत बसतं, आणि ग्रामसभेने मंजूर केलं की पुरे.

बांबूचं गणित तीन-चार वर्षांच्या फेरीचं. जंगलाचे तेवढे भाग पाडायचे आणि दरवर्षी एकच तोडायचा. रांजीतले (बांबूच्या बेटातले) यंदाचे आणि गेल्या वर्षीचे बांबू सोडायचे, कारण पुढचे कोंब त्यांच्याच जोरावर येतात. तोड जमिनीलगत, पहिल्या पेराच्या वर; उंच खुंट सोडला की रांजी गुंतते. पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) निघतात तेव्हा तोड बंद. सगळी रांजी साफ केली तर पहिल्या वर्षी पैसा दुप्पट दिसतो आणि नंतर बारीक काड्याच उगवतात. ठेकेदार ‘सगळंच उचलतो’ म्हणाला की यासाठीच सावध व्हायचं.

वाहतूक परवान्याचं पुस्तक क्रमांकित आणि तीन प्रतींचं छापा: एक गाडीसोबत, एक परिक्षेत्र कार्यालयाला माहितीसाठी, एक बुडखा (स्थळप्रत) गावात. त्यावर माल, नग, गाडी क्रमांक, कुठून-कुठे, तारीख आणि वेळेची मुदत. मुदत न लिहिलेल्या एका परवान्यावर चार फेऱ्या होतात.

तेंदूपत्त्याचा हंगाम एप्रिलअखेर ते मे. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा आणि प्रमाण गोणी १,००० पुड्यांची, म्हणजे एका गोणीत ७०,००० पानं. निविदा हिवाळ्यातच काढा. एप्रिलमध्ये काढली की ठेकेदाराला घाई नसते, तुम्हाला असते. करारात मजुरी आणि ग्रामसभेचा वाटा दोन वेगळे आकडे हवेत, अनामत आधी जमा हवी, आणि माल फळीवरून (पानं गोळा करण्याच्या जागेवरून) हलण्यापूर्वी किती टक्के रक्कम खात्यात आली पाहिजे ते लिहिलेलं हवं. गोदामात गेलेल्या मालाची उरलेली रक्कम वसूल करणं फार जड जातं. भाव पडलेल्या वर्षी ठेकेदार गायबही होतो. चार-पाच गावांनी मिळून निविदा काढली तर माल मोठा दिसतो आणि दर सुधारतो.

तेंदू घ्यायचाच, असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने बांबूवर भर दिला आणि तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि जंगलाला आग लावली जाते. हा निर्णय घेण्याचा अधिकार गावाकडे आला, हे मला गोणीच्या भावापेक्षा मोठं वाटतं.

खातं ग्रामसभेच्या नावे, पॅनसह, तीन सह्यांचं. त्यात किमान एक सही स्त्रीची. दर महिन्याला जमाखर्च सभेत वाचायचा आणि भिंतीवर लिहायचा. पहिली मोठी रक्कम आली की मंदिर, मंडप, वाटप अशा मागण्या येतात. किती टक्के मजुरी, किती जंगलासाठी, किती गावकामाला, हे रक्कम येण्याआधी ठरलेलं असेल तर तंटा होत नाही.

जमीन मागायला कुणी आलं तर

वनजमीन दुसऱ्या कामाला वळवण्यापूर्वी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झाल्याचा आणि ग्रामसभेच्या संमतीचा दाखला, अशी अट पर्यावरण मंत्रालयाच्या ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने घातली. १८ एप्रिल २०१३ रोजी नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न ओडिशातल्या ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला आणि बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. त्यानंतर नियम बदलत गेले आहेत, संमती कुठल्या टप्प्यावर घ्यायची यावर वाद चालू आहे. तरी मान्य झालेला सामूहिक हक्क हा अशा वादातला गावाचा सर्वांत मजबूत कागद.

गावातली शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी यांचा मार्ग वेगळा आणि सोपा आहे. कलम ३(२) मध्ये अशा १३ सुविधा आहेत. प्रत्येकीला १ हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी.

बाहेरच्या प्रकल्पासाठी सभा बोलावली गेली तर गणपूर्ती तीच, निम्म्या सदस्यांची. सूचना आणि कागद मराठीत आधी मागा. नकाशा आपल्या पट्ट्याच्या नकाशावर ठेवून कुठले कक्ष जातात ते सभेत दाखवा. कोऱ्या कागदावर किंवा फक्त हजेरीपटावर सही करू नका. संमतीचे ठराव नंतर हजेरीपटाला जोडलेले निघाल्याच्या तक्रारी आहेत. कार्यवृत्त त्याच सभेत लिहून, वाचून, सह्या घेऊन बंद करा. त्याच दिवशी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि प्रत जिल्हाधिकारी, विभागीय वनअधिकारी आणि आदिवासी विकास प्रकल्प अधिकारी यांना स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठरावाच्या पानामागे डकवा.